'ईट' हा शब्द संस्कृत 'अद्'मधून गेला का?

धातुवेडा: इंग्रजी 'ईट', जर्मन 'एस्सेन', लॅटिन 'एडो' आणि आपला 'अद्'. अर्थ एकच, खाणे. 'अन्न' याच धातूचं. तैत्तिरीय उपनिषदात व्युत्पत्तीच दिली आहे, 'अद्यतेऽत्ति च भूतानि', म्हणजे जे खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं ते अन्न. मग 'ईट' संस्कृतातून गेला म्हणायला एवढे आढेवेढे कशाला?

तिरकी वेलांटी: कारण 'द' आडवा येतो. संस्कृत आणि लॅटिनमधल्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' आणि जर्मनमध्ये 'स' किंवा 'त्स' सापडतो. दश, डेकेम, टेन, त्सेन. द्वि, डुओ, टू, त्स्वाय. अद्, एडो, ईट, एस्सेन याच रांगेत बसतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने हा नियम १८२२ मध्ये मांडला. उसने शब्द असे रांगेत बसत नाहीत. 'पंडित' इंग्रजीत गेला तो 'ड'सकट, त्याचा कुणी 'पंटिट' केला नाही.

धातुवेडा: नियम मान्य. पण तो बदल शब्द इथून बाहेर पडल्यावर झाला असेल की! मूळ 'द' तर संस्कृतातच आहे.

तिरकी वेलांटी: 'द' आहे, स्वर कुठे आहे? ग्रीक 'एडोमाइ', लॅटिन 'एडो', दोन्हीकडे ऱ्हस्व 'ए'. 'अष्ट'ला मात्र दोन्हीकडे 'ओ'ने सुरुवात: ओक्टो. संस्कृतात दोन्ही ठिकाणी 'अ'. एकाच 'अ'मधून इथे 'ए' आणि तिथे 'ओ' काढायचा, हे ग्रीकांना आणि रोमनांना वेगवेगळं बसून सारखंच कसं सुचलं? उलट 'अ', 'ए', 'ओ' हे तीन स्वर मिसळून संस्कृतात एक 'अ' झाला, हे सरळ आहे. नातं बहिणीचं, आईचं नव्हे.

मातीची वीट: यात हिटाइट ही प्राचीन भाषा विसरू नका. तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथल्या तिच्या लेखांच्या मातीच्या विटा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातल्या. ती भाषा चेक विद्वान ह्रोझ्नीने उलगडली आणि १९१५ मध्ये जाहीर केली, ती या क्रियापदाला धरूनच! ओळ अशी: 'नु निंदा-अन एझ्झातेनि, वातार-मा एकुतेनि'. भाकरीचं सुमेरी चिन्ह आधीच ओळखीचं होतं. शेजारचं 'एझ्झा-' त्याला 'एस्सेन'सारखं वाटलं, 'वातार' म्हणजे पाणी. अर्थ लागला: भाकरी खाल, पाणी प्याल. इथेही 'ए'च आहे बघा.

धातुवेडा: स्वरांचा मुद्दा तगडा आहे. पण मग मराठी 'खाणे'ही याच घरातलं ना? 'खाद्'मध्ये 'अद्' स्पष्ट दिसतो.

मांडवीकाठ: दिसतो, पण नाही. 'खाद्' हा स्वतंत्र धातू, त्यातला आकारही दीर्घ. गंमत दुसरीकडे आहे. 'खादति'चं प्राकृतात 'खाइ' झालं, 'द' गळाला. पोर्तुगीज 'कोमेर'चंही तेच: लॅटिन 'कोमेदेरे', म्हणजे कोम अधिक एडेरे. 'द' गेला आणि 'खाणे' हा अर्थ सांगायला मुख्यतः उपसर्गच शिल्लक राहिला.

तांबं-तेजाब: अर्थाकडेही वळा. इंग्रजी 'एच' (etch, आम्लाने धातूवर चित्र कोरणे) हा शब्द डचमार्गे जर्मन 'एट्सेन'मधून आला, म्हणजे 'खायला लावणे'. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर, त्यावर सुईने चित्र, मग पत्रा आम्लात. सुईने उघडं पडलेलं तेवढंच तांबं आम्ल खातं. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल जाते, तिच्यात शाई जास्त बसते आणि छाप काळी येते. थरात टाचणीएवढं भोक राहिलं, तर तिथेही खातं आणि छापावर ठिपके उमटतात. मराठीतही गंज लोखंडाला खातोच, पण तो खाल्लेल्याचं चित्र होत नाही.