मदत हवी आहे: एअर रायफलला आवाज कमी करणारी नळी लावली तर गुन्हा होतो का?

मंडळी, वकिलाकडे जाण्याआधी इथे विचारतोय.

२०२४ ला स्वप्निल कुसाळेला पॅरिसला ब्राँझ मिळालं आणि आमच्या कन्येनं एअर रायफलचा हट्ट धरला. ०.१७७ इंच नळीची, नळी मोडून छर्रा भरायची साधी स्प्रिंगवाली घेतली. ताकद २० ज्यूलच्या आत, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. इथपर्यंत ठीक.

घरामागच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये १० मीटर आरामात बसतात. पण शेजारच्या आजींना आवाजाचा त्रास होतो. (इचलकरंजीत राहून! दिवसभर माग खडखडतात ते चालतं, आमचा फटाक तेवढा ऐकू येतो. असो.) ओळखीचा लेथवाला म्हणाला, "तोंडाला बसेल असा सायलेन्सर करून देतो. छऱ्याच्या बंदुकीला कसला आलाय कायदा?"

घरी येऊन १९५९ चा शस्त्र कायदा उघडला आणि गार पडलो. कलम २ मधल्या अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबर 'इतर प्रकारची ऊर्जा'ही आहे. शिवाय बार उडतानाचा आवाज किंवा उजेड कमी करणारी जोडवस्तूसुद्धा त्याच व्याख्येत बसवलीय. म्हणजे ते नळकांडं स्वतःच अग्निशस्त्र? रायफलला परवान्यातून सूट आहे, पण ती तिला जोडलेल्या वस्तूला मिळते का? आणि लेथवाल्यावर कलम ५ (विनापरवाना शस्त्र बनवणं) येईल ते वेगळंच.

एक दुकानदार जोरदार स्प्रिंग टाकून देतो म्हणत होता, त्याला नकोच म्हटलं. २० ज्यूल ओलांडले की सगळा हिशेबच बदलतो. दुर्बीण आणि दस्त्याची रबरी गादी चालते ना?

प्रतिसाद १
काका, लेथवाल्याला आजच नाही म्हणा. सूट कुठवर पोचते हा वाद कोर्टात घालायची वेळ आणूच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बनवायला किमान सात वर्षं आहेत. खात्रीच करायची तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेला लेखी विचारा, तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका. दुर्बीण, गादी मी कितीतरी वर्षं वापरतोय. त्यांचा ना आवाजाशी संबंध ना ताकदीशी.

आणि स्प्रिंगवालीत बराचसा आवाज आतल्या पिस्टनचा असतो, तो नळकांड्यानं जात नाही. टार्गेटमागे पत्रा लावलाय का? तो काढा, जुने कपडे ठासून भरलेलं खोकं ठेवा.

धागाकर्ता
पत्राच आहे हो! उद्या काढतो.