मुलाखतीत "मधलं वर्ष काय केलं?" असं विचारलं तर काय सांगता?

रिकामा_रकाना
संख्याशास्त्राची पदवी घेऊन १४ महिने झाले. वय २३. पहिल्या अर्जापासून एक एक्सेल शीट ठेवलंय: पद, तारीख, कुठला रेझ्युमे पाठवला, उत्तर काय आलं. आज त्यात १४३ ओळी आहेत. ३१ नकार, ६ मुलाखती आणि १०६ रिकामे रकाने. नकाराचं मला तितकं लागत नाही, निदान कुणीतरी वाचलं. रिकाम्या रकान्याकडे बघून मात्र आपलं कुठे चुकलं तेच कळत नाही.

गेल्या आठवड्यात सहावी मुलाखत झाली. सगळं बरं चाललं होतं. मग समोरच्या बाईंनी रेझ्युमेवर पेन टेकवलं आणि विचारलं, "पदवीनंतर वर्षभर काय केलंत?" मी म्हणाले, "शोधत होते." पुढे शब्दच फुटेना. खरं तर या वर्षात मी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकले, दोन मुलांना गणित शिकवलं, आजीच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या. यातलं काहीच "काम" म्हणून तोंडातून निघालं नाही. घरी कुणी टोचून बोलत नाही, पण माझा फोन वाजला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो.

तुम्ही या प्रश्नाला काय उत्तर दिलंत? मला रंगवून सांगायचं नाहीये.

टेबलापलीकडून
मी ७ वर्षं भरतीचं काम करतेय. आधी त्या १०६ रकान्यांबद्दल. बरेच अर्ज कुणी उघडतच नाही. जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत आहेत का, यावर सॉफ्टवेअरमध्ये चाळणी लागते. सुरुवातीच्या अर्जांतूनच यादी भरली की बाकीचे तसेच पडून राहतात. कधी जागा आतल्याच माणसाला द्यायची ठरलेली असते, कधी बजेट अडकतं आणि जाहिरात मात्र तशीच राहते. साधं कळवायचंही आम्ही टाळतो. ते चूकच आहे.

आता उत्तर. जे केलंस तेच सांग, फक्त "शोधत होते"वर थांबू नकोस. एसक्यूएल शिकलीस, तर त्यात काय करून पाहिलंस ते सांग. आणि तुझ्याकडे १४३ नोंदी आहेत गं! कुठल्या रेझ्युमेला मुलाखती आल्या, ते मोजलंस का?

अकरावा_महिना
मी ११ महिने घरी होतो. शेवटी नोकरी कळली ती वाचनालयात दोनदाच बोललेल्या एका सीनियरकडून. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच याचं कारण मांडलं होतं: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी जुजबी ओळखीतून येते. २०२२ साली लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त सदस्यांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही बेताच्या ओळखीच जास्त कामी आल्याचं दिसलं. मी त्या सीनियरकडे नोकरी मागितली नव्हती. "तुमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काय करावं लागतं?" एवढंच विचारलं होतं.

घरातली_पहिली_पदवी
आमच्यासारख्यांच्या ओळखी कुठून येणार? घरात कुणी कधी ऑफिसात काम केलेलं नाही.

अकरावा_महिना
खरंय, तुम्हाला हे जास्त जड जातं. पण तुमच्या आधी पास झालेली मुलं असतीलच. त्यांच्यापासून सुरुवात करा. मलाही पाच जणांपैकी एकानेच उत्तर दिलं होतं.

रिकामा_रकाना
@टेबलापलीकडून ताई, मोजलं. ६ पैकी ५ मुलाखती एकपानी रेझ्युमेला आल्यात, ज्यात प्रोजेक्ट सगळ्यात वर आहे. तो मी फक्त ३८ ठिकाणी पाठवला होता! उरलेल्या १०५ ठिकाणी दोन पानी गेला, त्यातून एकच मुलाखत. वर्षभर हे डोळ्यांसमोर होतं आणि मी नुसत्या ओळी वाढवत राहिले.

उत्तरही लिहिलं: "नोकरी शोधत होते. त्यासोबत एसक्यूएल शिकले आणि माझ्याच १४३ अर्जांचा हिशेब मांडला. त्यातून काय दिसलं ते दाखवू का?" काल आजीला म्हणून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या औषधांचंही सांग की. एक गोळी चुकू दिली नाहीस."