सल्ला हवाय : मे महिन्यात एक दिवस, इमॅजिका की वॉटर किंगडम? (बजेट ६००० रुपये)

निळी_छत्री
नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलांच्या परीक्षा संपल्यात आणि दोघांनी एकच घोशा लावलाय, वॉटर पार्क. मोठा अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. शिवाय मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पाण्यात उतरणार नाहीत. पण त्यांना एकटं घरी ठेवून जायचं नाही, हे आमचं ठरलंय. गाडी नाही. सकाळी निघून रात्री घरी. प्रवास, तिकिटं, जेवण सगळं धरून ६००० रुपये. याच्यावर जाता येणार नाही, जूनमध्ये दोघांची फी भरायची आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं बघत होते, शेजारच्या ताई गोराईचं वॉटर किंगडम म्हणतात. आणखी कुठलं असेल तर सांगा. मधल्या वारी गर्दी कमी असते का?

खोपोलीकर
इमॅजिका. दुसरा विचारच करू नका. २०१३ साली उघडलं तेव्हापासून मी अकरा वेळा गेलोय, तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरवर किती वेळा बसलो त्याची मोजदाद नाही. पायाखाली फळीच नसते हो, पाय मोकळे लोंबकळतात. साखळी टकटक करत वर ओढून नेते, माथ्यावर क्षणभर सगळं शांत होतं, समोर सह्याद्री दिसतो आणि मग खाली. तो शांत क्षण अनुभवण्यासाठी माणसाने आयुष्यात एकदा तरी जावं. डीप स्पेस अंधारात पळते, तीही सोडू नका. सासूबाईंसाठी ‘आय फॉर इंडिया’ आहे. खुर्चीत बसून भल्यामोठ्या पडद्यावर भारत वरून बघायचा, माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जवळच्या हॉटेलात एक रात्र राहा, म्हणजे दमणूक होत नाही.

निळी_छत्री
धन्यवाद. पण राहणं शक्य नाही, वर लिहिलंय. आणि तिथे थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगवेगळी आहेत ना? मुलांना पाणीच हवंय.

खोपोलीकर
वेगवेगळी आहेत. पण तिथपर्यंत जाऊन फक्त वॉटर पार्क करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय धुऊन परत येणं. दोन्ही करा.

लाल_डबा
एस्सेल वर्ल्डचं नाव कुणीच घेत नाही याचं वाईट वाटलं. १९८९ साली गोराईला सुरू झालं. आमची शाळेची सहल १९९६ साली गेली होती. त्याआधी मी समुद्र फक्त दादर चौपाटीवर बघितला होता. बोरिवलीच्या जेटीवरून फेरीबोट सुटली आणि लांबून झाडांच्या वर राइडचे लोखंडी सांगाडे दिसायला लागले, तेव्हा अख्ख्या बोटीने ओरडायला सुरुवात केली. बाई गप्प बसा म्हणत होत्या आणि स्वतः उभ्या राहून बघत होत्या. झिपर डिपर, कॉपर चॉपर, मॉन्स्टर्स इन द मिस्ट. त्या अंधाऱ्या भुताच्या घरात माझ्या मित्राने माझा हात इतका घट्ट धरला की मनगटावर त्याच्या घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. तो मित्र आता कॅनडात आहे, अजून फोनवर हीच आठवण काढतो. कोविडनंतर तिथल्या राइड्स बंदच आहेत. शेजारचं वॉटर किंगडम मात्र चालू आहे. भारतातलं पहिलं अम्युझमेंट पार्क आपल्या मुंबईत होतं, हे आजच्या मुलांना सांगायला हवं.

पोहणारा_काका
एक दुरुस्ती. पहिलं दिल्लीचं अप्पू घर, १९८४, प्रगती मैदानात. २००८ साली बंद झालं. एस्सेल वर्ल्ड त्यानंतरचं.

लाल_डबा
काका, अप्पू घर निगडीला आहे, माझी बहीण प्राधिकरणातच राहते.

पोहणारा_काका
निगडीचं वेगळं, दिल्लीचं वेगळं. नाव सारखं आहे इतकंच. पण गोराईने मुंबईच्या दोन पिढ्यांना वेड लावलं याबद्दल वाद नाही. वॉटर किंगडम तिथेच १९९८ साली आलं. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा लाटांच्या पाण्यात तिथेच उतरवलं.

आखातातून
मी अबू धाबीत असतो. इथल्या फेरारी वर्ल्डमध्ये फॉर्म्युला रोसा आहे, ताशी २४० किलोमीटर. डोळ्यांना गॉगल लावून बसवतात. गाडी सुटली की गालांची कातडी मागे खेचली जाते. हे एकदा केलं की नायट्रो म्हणजे पाळणा वाटतो. मुलं मोठी झाली की घेऊन या, दुबईतली वॉटर पार्कंही बघण्यासारखी आहेत.

खोपोलीकर
नायट्रोला पाळणा म्हणणाऱ्याने शेवटच्या रांगेत बसून बघावं. वेग हे सर्वस्व नाही. पुढचे डबे माथा ओलांडून खाली जातात तेव्हा ते मागच्या रांगेला ओढून घेतात. त्यामुळे मागे बसणारा माथ्यावरून जोरात फेकल्यासारखा खाली येतो. त्यातली मजा निराळीच.

आखातातून
पुढची रांगच खरी. समोर काहीच नसतं.

खोपोलीकर
समोर काही नसण्यात बघण्याची मजा आहे, मागे अंगाला जाणवतं. दोन्ही करून बोलतोय.

आंबट_कैरी
ताईंची मुलगी सहा वर्षांची आहे, तिला कुठल्याच रांगेत बसवणार नाहीत. आपण मूळ प्रश्नावर येऊ या का?

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. दोन्ही मुलांना चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि टेपने सेंटीमीटरमध्ये उंची मोजा. बहुतेक पार्कांत तिकीट आणि राइड दोन्ही उंचीवर ठरतात, वयावर नाही. माझा भाचा नऊ वर्षांचा पण ताडमाड, त्याचं मोठ्यांचं तिकीट पडलं. उलट माझी लेक घसरगुंडीच्या जिन्यात पाऊण तास रांगेत उभी राहिली आणि वर पोचल्यावर तिथल्या मुलाने पट्टी लावून परत पाठवलं. त्याचं बरोबरच होतं, पण एवढे जिने चढून आलेलं पोर भरल्या डोळ्यांनी उलटं उतरताना बघवत नाही. प्रत्येक पार्कच्या संकेतस्थळावर उंचीच्या अटी असतात. त्या वाचा आणि धाकटीला काय मिळणार, काय नाही, हे घरीच सांगून ठेवा.

बंगळूरू_मेल
वंडरला. भारतात स्वच्छता आणि सुरक्षितता बघायची तर वंडरला. २००० साली कोचीत वीगालँड म्हणून सुरू झालं, २००५ साली बंगळूरूला आलं. आम्ही दर वर्षी जातो. डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीने निघालात तर दुसऱ्या दिवशी पोचाल.

ठाणेकर_७२
अहो, त्यांना एका दिवसात परत यायचंय! ताई, टिकुजिनीवाडी. मानपाड्याला, ठाण्यातच. डोंबिवलीहून सगळ्यात जवळ, झाडीही आहे. आमच्या सोसायटीची सहल दर वर्षी तिथेच असते. मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते.

सुती_साडी
इमॅजिकाला +१. कपड्यांचं कुणी सांगितलं नाही. सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्रा लागतं. तिथे भाड्याने मिळतं, पण आदल्या दिवशी बाजारातून घेऊन जा. मला ते कपडे नकोसे वाटतात म्हणून मी दोन सहलींत काठावर बसून राहिले. तिसऱ्या वेळी पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंतचा सूट मिळाला आणि बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा लाटांत उभी राहिले. तो दिवस मी विसरणार नाही.

लाल_डबा
सुती का चालत नाही हे मला कधी कळलं नाही. आमच्या वेळी हाफ चड्डीत उतरायचो.

पोहणारा_काका
सुती कपडा पाणी पितो, जड होतो, घसरगुंडीवर अडकतो. माणूस मध्येच थांबला की मागून येणारा त्याच्यावर आदळतो. शिवाय धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रणेत जातात. धातूची चेन किंवा बटण असेल तर घसरगुंडीच्या फायबरला चरा पडतो आणि पुढच्याची पाठ सोलते.

मी वीस वर्षं मुलांना पोहायला शिकवतोय, म्हणून थोडं जास्त लिहितो. पाण्याला उग्र वास आला, डोळे चुरचुरले तर लोक समजतात की भरपूर क्लोरीन आहे, म्हणजे पाणी स्वच्छ. तसं नसतं. क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून जे तयार होतं, त्याचा तो वास. म्हणून उतरण्याआधी शॉवर घ्या, मुलांना दर तासाला बाथरूमला न्या. लाटांच्या तळ्यात कमी पाण्याच्या बाजूला थांबा, भोंगा वाजला की लाटा सुरू होणार. धाकटी हाताच्या अंतरावर हवी. तुम्ही बाजूला आहात हे पुरेसं नाही, हात लांबवला की ती हातात आली पाहिजे. बुडणारं मूल हाका मारत नाही, गप्प होतं. लाइफ जॅकेट मागून घ्या, पट्टा स्वतः ओढून बघा. उताणं घसरायचं असेल तिथे हात छातीवर आणि घोटे एकावर एक.

आंबट_कैरी
काका, हे वेगळा धागा काढून लिहा. खूप उपयोगी आहे.

डोंगरवाट
आमचा अनुभव वाईट आहे. मागच्या वर्षी हायवेजवळच्या एका छोट्या वॉटर पार्कला गेलो होतो, नाव लिहीत नाही. बाहेरचं खाणं अडवलं ते समजू शकतो, पण माझ्या बाबांना मधुमेह आहे, त्यांच्या डब्यातल्या दोन भाकऱ्यासुद्धा गेटवर काढून घेतल्या. बाबा दिवसभर काही बोलले नाहीत. सासूबाईंना औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि आधी फोन करून विचारा.

सुती_साडी
बाहेरचं खाणं कुठेच नेऊ देत नाहीत. आम्ही गेटबाहेर बसून पोटभर थालीपीठ खाऊन मग आत जातो.

खोपोलीकर
डोंबिवलीहून खोपोलीला लोकल आहे, तिथून रिक्षा. गाडी नसली तरी अडत नाही. इमॅजिकाच करा.

निळी_छत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना चौकटीला उभं केलं. मोठा १४६, धाकटी ११२.

बहुतेकांनी इमॅजिका सांगितलं, ठाण्याचं सगळ्यात जवळ आहे हेही पटतंय. तरी आम्ही गोराईला जातोय. लाल_डबा यांचं लिहिलेलं नवरा मोठ्याने वाचून दाखवत होता. बोटीचा उल्लेख आला तशा सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या. त्यांचं माहेर दाभोळचं. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा खाडी होडीने ओलांडली होती, नंतर पुन्हा होडीत बसलेच नाही. शिवाय पार्काला लागूनच विपश्यनेचा पॅगोडा आहे, तो त्यांना बघायचाय. त्या पॅगोड्यात बसतील, आमची चौघांचीच तिकिटं. एक तिकीट वाचलं. बुधवारचं बुकिंग केलंय.

खोपोलीकर
एकदा पुन्हा विचार करा. बोट अर्ध्या तासाचीही नाही.

ठाणेकर_७२
दादरला गाडी बदला, बोरिवली, मग जेटी, मग बोट. आजीबाईंच्या गुडघ्यांना झेपेल का?

निळी_छत्री
जाऊन आलो, काल बुधवारी. पुढच्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

सहाच्या आत घर सोडलं. दादरचा जिना सासूबाईंना जड गेला, पुढच्या वेळी लिफ्ट शोधून ठेवू. बोटीत चढताना नवरा आणि नावेवरचा माणूस दोघांनी हात दिला. त्यांना कडेची जागा हवी होती. ओहोटी होती, चिखलात पांढरे बगळे, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा मिसळलेला वास. धाकटीने नाक दाबलं, तर सासूबाईंनी तिचा हात खाली घेतला आणि म्हणाल्या, “बंदराचा वास आहे, घे.” पूर्ण वेळ त्यांचा एक हात बोटीच्या कठड्यावर होता.

पॅगोडा २००९ साली खुला झाला. आतल्या दालनात आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. आपण काचेतून बघायचं. सासूबाईंनी तीन तास सावलीत काढले, एक पुण्याच्या आजी भेटल्या, नंबरही घेतला.

पार्कात मोठा ‘व्हॉट-अ-कोस्टर’वर सात वेळा गेला. धाकटीला ११२ मध्ये मोठ्या घसरगुंड्या मिळाल्या नाहीत. आधी सांगून ठेवलं होतं तरी थोडी रडली, मग लहानांच्या तळ्यात जी गेली ती निघेचना. काकांचं हाताचं अंतर दिवसभर लक्षात ठेवलं. एकदा लाट आली आणि तिचे पाय सुटले, मी हात घातला आणि ती हातात आली. काका, तुमचे खूप आभार. कपडे आदल्या दिवशी फडके रोडवरून घेतले, मीही पूर्ण बाह्यांचा सूट घेतला. सुती_साडी ताई, मीही उतरले.

सगळे मिळून ५८४० रुपये. परतीच्या बोटीत दोन्ही मुलं आजीच्या मांडीवर झोपली.

लाल_डबा
बोटीतून एस्सेल वर्ल्डचे सांगाडे दिसतात का अजून?

निळी_छत्री
झाडांच्या वर काहीतरी लोखंडी दिसत होतं. मोठ्याने विचारलं ते काय, तेव्हा तुमची शाळेची सहल सांगितली त्याला.

डोंगरवाट
लॉकरचं डिपॉझिट परत मिळालं का?

निळी_छत्री
मिळालं. पावती भिजू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.