डायनासोर कशाने संपले: प्रलय, अशनी की आपला सह्याद्री?

खडकवाट
सध्या एक मेसेज फिरतोय: "पुराणांतला महाप्रलय म्हणजेच डायनासोरांचा अंत. शास्त्रज्ञांना आत्ता कळलं, आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही, तक्रार आहे ती हिशेबाबद्दल. पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे प्रथमचरणे. म्हणजे या मन्वंतराची, सध्याच्या मनूच्या काळाची, २७ चतुर्युगं (चार युगांच्या फेऱ्या) पूर्ण झाली आणि २८वं चालू आहे. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं. गुणाकार करा, मन्वंतर सुरू होऊन साधारण १२ कोटी वर्षं झाली. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातला जलप्रलय येतो तो दोन मन्वंतरांच्या सांध्यावर. डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे याच मन्वंतराच्या तेराव्या चतुर्युगात, जिथे असा प्रलय सांगितलेलाच नाही. आणि जिथे सांगितलाय, त्या १२ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर मजेत चरत होते. टी-रेक्स तर जन्मालाही यायचा होता.

पुराणं खोटी पाडायला बसलो नाहीये. पण विज्ञानाचा शिक्का मारून घ्यायच्या हौसेपायी आपण आपलंच पंचांग वाचत नाही, हे मात्र खरं.

गोदातीर
हिशेब बरोबर, पण तो मांडायची जागा चुकली. पुराणकारांना जीवाश्मांच्या तारखा द्यायच्या नव्हत्या. सृष्टी होते, मोडते, पुन्हा होते, हे सांगायचं होतं. आयर्लंडचे आर्चबिशप अशर सतराव्या शतकात बायबलातल्या वंशावळी मोजून जगाचा जन्म इ.स.पू. ४००४ मध्ये टाकत होते, तेव्हा आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा होता. आवाका तरी मान्य कराल की नाही?

आणि विज्ञानाचंही फार ऐकवू नका. १९८० च्या आधी किती तऱ्हा ऐकल्या आम्ही! सस्तन प्राण्यांनी अंडी खाल्ली, जवळपास तारा फुटला, देह अवाढव्य झाले म्हणून संपले. दर पिढीला नवी कथा. पुराणांची निदान एकच आहे.

सडेतोड
गोदातीर, कथा बदलते कारण पुरावा येतो. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी दोन सहकाऱ्यांसोबत इटलीतल्या गुब्बिओजवळचा मातीचा एक पातळ थर तपासला. त्यात इरिडियम नेहमीच्या तीसपट निघालं. डेन्मार्कमध्ये तर दीडशेपटीच्याही वर. पृथ्वीच्या कवचात हा धातू अगदी नगण्य, अशनींमध्ये भरपूर. तेव्हा विवर कुठे आहे ते कोणी दाखवू शकत नव्हतं, टिंगलही झाली. मग १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचं, जमिनीखाली गाडलेलं चिक्शुलुबचं विवर हेच ते, असं मांडलं गेलं. व्यास सुमारे १८० किलोमीटर. आधी अंदाज, मग जगभर तोच थर, मग विवर. मेसेजवाल्यांनी यातली एक पायरी तरी दाखवावी.

शिवाय जलप्रलयाने पाण्यातले शंखधारी अमोनाइट आणि सरड्यांसारखे मोसासॉर बुडून मेले म्हणायचं का?

वसईकर
अशरचं नाव निघालंच आहे तर आमच्या बाजूचंही ऐका. मी कॅथलिक. अमेरिकेत केंटकीमध्ये २०१६ साली नोहाच्या तारवाची भलीमोठी प्रतिकृती उघडली, तिच्यात पिंजऱ्यात डायनासोरही ठेवलेत. त्यांच्या मते पृथ्वी सहा हजार वर्षांची, डायनासोर तारवात चढले आणि पुराच्या नंतर कधीतरी संपले. तो त्यांच्याकडच्या एका प्रोटेस्टंट गटाचा आग्रह. आमच्या चर्चची ही शिकवण नाही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्पष्ट म्हटलं होतं की उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. आणि विश्वाच्या विस्ताराचा सिद्धांत मांडणारे लमेत्र स्वतः पाद्री होते, पण बायबल आणि भौतिकशास्त्राची सरमिसळ त्यांनाही नको होती.

त्यामुळे धर्म एकीकडे आणि विज्ञान दुसरीकडे अशी सरळ फाळणी करू नका. भांडण अक्षरशः अर्थ लावणाऱ्यांशी आहे. ते आमच्यात आहेत, तुमच्यातही दिसतात.

बसाल्टबाई
भूगोल आणि भूशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. सगळे मेक्सिकोला जाऊन आले, पण पायाखाली कोणी पाहिलं नाही. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुठल्याही घाटात गाडी थांबवा. समोर आडवे काळे थर दिसतात ते लाव्ह्याचे. दख्खनचं हे पठार आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि त्याचे उद्रेक डायनासोरांच्या अंताच्या काळातलेच. भूशास्त्रात या थरगटांना नावंही आपलीच आहेत: भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर कित्येक वर्षं सांगताहेत की खरा गुन्हेगार हा ज्वालामुखी, अशनी नव्हे. लाव्ह्यापेक्षा घातक होते वायू: गंधकाचे, कार्बनचे. आधी हवामान डळमळलं, समुद्र आम्लधर्मी होत गेले.

सडेतोड, तुमच्या पायऱ्या नीट आहेत, पण जिना अजून पूर्ण झालेला नाही.

सडेतोड
बाई, आदर ठेवून विरोध. लाव्हा वाहायला लागल्यावरही डायनासोर होतेच की. कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात त्यांचे अवशेष मिळालेत. उद्रेक जवळजवळ दहा लाख वर्षं चालले. इतक्या सावकाश चाललेल्या गोष्टीने अचानक अंत कसा होईल? युकातानच्या खडकात जिप्सम होतं, आघाताने त्यातला गंधक वातावरणात गेला, अंधार, गारठा, वनस्पती गेल्या, मग सगळी साखळी कोसळली. सुमारे पाऊणशे टक्के जाती नाहीशा झाल्या.

बसाल्टबाई
"सावकाश" हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. उद्रेक एकसारखे नव्हते, ते उसळ्यांनी आले. २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच नियतकालिकात दोन संशोधनं आली, दोन्ही आपल्याच सह्याद्रीच्या थरांवर. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्यांच्या मधल्या थरांतल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजलं. त्यांच्या मते मोठी उसळी अंताच्या काही दहा-हजार वर्षं आधी. अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाच्या गटाने लाव्ह्यातला आर्गॉन वायू मोजून वय काढलं, त्यांच्या मते बहुतांश लाव्हा अंताच्या नंतरचा. खडक तोच, निष्कर्ष निराळे. बर्कलीवाल्यांचा आणखी एक मुद्दा असा की अशनीच्या धक्क्याने आधीच चालू असलेला ज्वालामुखी आणखी भडकला असावा. म्हणजे एकच आरोपी शोधायचा हट्टच सोडावा लागेल.

गोदातीर
बघा! दोन मोठी विद्यापीठं, एकच डोंगर, दोन उत्तरं. आणि आमच्या परंपरेत दोन मतं असली की तो गोंधळ ठरतो.

खडकवाट
फरक एवढाच की या दोघांतलं एक मत चुकीचं ठरवता येतं. आणखी नमुने, आणखी अचूक मापन, की एका गटाला माघार घ्यावी लागेल. मेसेजमधला प्रलय कुठल्या नमुन्याने खोटा ठरेल, तेवढं सांगा. आकडा जुळला नाही तर तुम्ही "ते प्रतीक आहे" म्हणता, जुळला असता तर पुरावा म्हणून मिरवला असता.

गोदातीर
मी मिरवला नसता. तुम्ही मेसेजशी भांडताय आणि उत्तर मागताय माझ्याकडे.

रानपाखरू
थोडं विषयांतर. २०२३ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली बातमी आठवते का? पाडल्या गावात लोक गोल दगडांना काकर भैरव म्हणून पिढ्यान्पिढ्या पूजत होते, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. तपासणाऱ्यांनी सांगितलं, ही डायनासोरांची अंडी. इंटरनेटवर लोक हसले. मला हसू नाही आलं. त्या शेतकऱ्यांनी कुठे प्रलयाचा दावा केला होता? वेगळा दगड दिसला, जपला. आपल्या चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं आणि लेंड्या सापडतात. त्या लेंड्यांत गवताचे कण निघाले आणि गवत डायनासोरांच्या काळातच होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. पण ते रान आपण किती जपलंय?

सडेतोड
जपण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण "देव म्हणून जपलं" याला कारणमीमांसा म्हणू नका.

वसईकर
बाई, एक खरंच विचारायचं होतं. लाव्हा इतका विषारी होता तर बेडूक कसे वाचले? त्यांची तर कातडीच नाजूक. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म मिळालेत असं वाचलं होतं.

बसाल्टबाई
मिळालेत, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले, लाव्ह्यांच्या मधल्या तळ्याच्या गाळातले. नेमका हाच प्रश्न अशनीवाल्यांनाही अडचणीचा आहे, फक्त आम्हालाच नव्हे. गोड्या पाण्यातले जीव एकूणच जास्त वाचले. एक कारण असं मानतात की तिथली अन्नसाखळी ताज्या पानांपेक्षा कुजक्या पाल्यावर जास्त चालते, म्हणून अंधारातही ती तगली. बेडूक, कासवं, मगरी थोडक्यात भागवणारे. टनावारी पाला लागणाऱ्यांचं तसं नव्हतं.

सडेतोड
म्हणजे अंधार होता, हे तुम्हीच कबूल केलंत. आता तो अंधार ज्वालामुखीने केला असेल तर त्याच्या काजळीचा आणि राखेचा थर जगभर दाखवा. इरिडियमचा आम्ही दाखवलाय.

बसाल्टबाई
अंधार अशनीचाच, तो मी कधी नाकारला? माझं म्हणणं, अंधार पडला तेव्हा घर आधीच आजारी होतं. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन आंबेनळी घाटात जातेय. या, समोरासमोर भांडू. गोदातीर, तुम्हीही या, संकल्प तुम्ही सांगा.

गोदातीर
येतो. फक्त तेराव्या चतुर्युगाचा थर कुठला, ते बोट लावून दाखवायचं.