'संथ' सिनेमा म्हणजे कौतुक की नावं ठेवणं?

पाणकळा:
आमच्या फिल्म क्लबात परवा तुर्की दिग्दर्शक नुरी बिल्गे जेलानचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया' (२०११) दाखवला. त्याची चार ओळींची माहिती मी लिहिली होती, "संथ, संवादप्रधान गुन्हेपट" अशी. छापायच्या आधीच क्लब चालवणारे काका म्हणाले, संथ काढ, लोक फिरकणार नाहीत. मी तर तो शब्द कौतुक म्हणून लिहिला होता! शेवटी तसाच छापला. शो संपल्यावर निम्मे लोक खुर्चीतून उठेनात आणि उरलेले बाहेर चहाच्या टपरीवर अक्षरशः चिडलेले, आणि दोन्हीकडून ऐकू काय येतंय तर "किती संथ आहे!" एकीकडे ते शाबासकीसारखं, दुसरीकडे शिवीसारखं.
ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, पोलीस, सरकारी वकील, डॉक्टर आणि दोन आरोपी रात्रभर तीन गाड्यांतून माळरानावर पुरलेलं प्रेत शोधत फिरतात, आरोपीला जागा नीट आठवत नाही, आणि सगळे बोलत राहतात. अडीच तासांच्या वर.
तर विचारायचं असं की तुमच्याकडे संथ चांगल्या अर्थी वापरतात का? आणि स्लो बर्नला, म्हणजे हळूहळू ताण चढत जाणाऱ्या सिनेमाला, मराठीत काय म्हणावं?

चिंचोका:
संथ चांगलाच शब्द आहे. गदिमांनी कृष्णामाईला संथ म्हटलं ते काय तिला नावं ठेवायला? संथ पाणी म्हणजे खोल, खळखळाट न करणारं पाणी. शब्दाची वाट लावली ती बातम्यांनी. "पुलाचं काम संथगतीने", "चौकशी संथगतीने", वर्षानुवर्षं हेच वाचल्यावर संथ म्हटलं की माणसाला कंत्राटदार आठवणार नाहीतर काय.

द्रुतलय:
क्रिकेटमध्येही तेच. संथ खेळी म्हणजे टीका, षटकांची गती संथ म्हणजे थेट दंड. नदी सोडली तर कुठे चांगल्या अर्थी येतो सांगा. मी पण हा सिनेमा पाहिलाय आणि मला तो रटाळ वाटला, संथ नाही, रटाळ. गाडीत बसून म्हशीच्या दह्यावर चर्चा करतात हो पोलीस! प्रेत राहिलं बाजूला.

उंबरठा:
म्हशीच्या दह्याची चर्चा हाच तर पहिला झकास सीन आहे. मागच्या सीटवर मधोमध आरोपी बसलाय, थकलेला, मार खाल्लेला, आणि दोन्ही बाजूंना हे लोक दही कुठलं चांगलं त्यावर बोलतायत. नोकरी करणारी माणसं रात्रपाळीला अशीच बोलतात. आमच्या घरात दोन जण पोलीस खात्यात होते, पंचनाम्याला गेल्यावर जेवणाचाच विषय निघतो असं ते सांगायचे.
आता शब्दाचं. रटाळ संस्कृत रट् वरून असावा, रट् म्हणजे ओरडणे, आपलं रडणं त्याच धातूतून आलंय. म्हणजे रटाळमध्ये तेच तेच मोठ्याने घोकणं आलं. जेलानच्या सिनेमात एक वाक्य दुसऱ्यांदा येत नाही. तुम्हाला कंटाळा आला असेल तर कंटाळवाणा म्हणा, तो तुमचा हक्क आहे, पण रटाळ हा शब्द इथे बसत नाही.

द्रुतलय:
म्हणजे आता प्रेक्षकाने कंटाळा यायच्या आधी धातुपाठ बघायचा का? रटाळचा अर्थ आज लोक ज्या अर्थी वापरतात तो. थिएटरात बारा लोकांनी रटाळ म्हटलं तर तो रटाळ.

जुनाजाणता:
संथचं मूळ संथा. वेदपाठशाळेत गुरुजी एकदा म्हणतात, शिष्य दोनदा म्हणतो, त्याला संथा देणे-घेणे म्हणतात. ते घाईत होतच नाही. त्या सावकाशपणाला संथ म्हणू लागले असं माझं ठाम मत आहे. आणि "स्लो बर्न", "फिल्म क्लब" वगैरे मराठीत कशाला? चित्रपट मंडळ म्हणा. दिग्दर्शक, बोलपट हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात, ते रुजलेच ना?

चिंचोका:
काका, संथा संस्थावरून आला असं कोशात मिळेल, पण संथ पाण्याचा त्याच्याशी संबंध नुसता कानाला जुळतो म्हणून लावू नये. असं जुळवायचं तर संतही आणता येईल.

गावठाण:
बोलपट! पाणकळाताई, तुम्हाला संवादप्रधानच्या जागी हाच शब्द घ्या की. ज्या सिनेमात माणसं मुख्यतः बोलतात तो बोलपट. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा आवाज नवा होता म्हणून बोलपट म्हणावं लागलं, आता सगळेच बोलतात, तर शब्द रिकामा पडलाय, त्याला नवीन काम द्या. मी मनापासून सांगतोय.

जुनाजाणता:
बोलपट म्हणजे टॉकी. रिकामा वगैरे काही पडलेला नाही.

पाणकळा:
गावठाण, आवडलं, पण "बोलपट" छापलं तर आमच्याकडचे निम्मे लोक जुना कृष्णधवल सिनेमा समजून येतील.
स्लो बर्नला मी "धुमसता" लिहून पाहिलं होतं. अडचण अशी की धुमसणाऱ्या गोष्टीचा शेवटी भडका उडतो. इथे उडत नाही. शवविच्छेदनात डॉक्टरला एक भयंकर गोष्ट कळते आणि तो ती अहवालात लिहीत नाही, बस. (काय ते सांगत नाही.) "मंद आचेवरचा" म्हटलं तर पाककृती वाटते.

सुरपेटी:
गाण्यातला शब्द का घेत नाही? विलंबित, म्हणजे सावकाश लय. किंवा त्याहून जुना, ठाय. ठाय लयीतला सिनेमा. ख्याल विलंबित आहे म्हणून कोणी उठून जात नाही, त्या लयीत प्रत्येक मात्रेला जागा मिळते हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. या सिनेमात एक सफरचंद झाडावरून पडतं, उतारावरून घरंगळतं, ओढ्यात वाहत जातं आणि दगडापाशी अडकतं, कॅमेरा सगळा वेळ त्याच्या मागे. द्रुत लयीत ते सफरचंद दिसलंच नसतं. मी ते बघून रडले होते, कारण अजून सांगता येत नाही.

द्रुतलय:
विलंबितनंतर द्रुत येतो पण. तो आला नाही ही तर माझी तक्रार आहे.

मालाडवासी:
आम्ही धीमी म्हणतो. धीमी लोकल. स्टेशनवर दिवसभर ऐकतो, त्यात कमीपणा कुणाला वाटत नाही, उलट मधल्या स्टेशनवाल्यांना तीच लागते. "धीम्या गतीचा सिनेमा" लिहा, मोकळे व्हा.

जुनाजाणता:
धीमी हिंदी आहे.

मालाडवासी:
धिमा आमच्या आजीच्या तोंडी होता, तिला हिंदी येत नव्हतं. पहिली वेलांटी की दुसरी ते तुम्ही ठरवा.

उंबरठा:
एक अवांतर पण इथलंच. त्या सिनेमात रात्री सगळे एका गावात मुख्तारच्या घरी जेवायला थांबतात. सबटायटलला मेयर दिलं होतं. मुख्तार म्हणजे आपला मुखत्यार हो! अरबी शब्द, तिकडे गावचा कारभारी झाला, आपल्याकडे कुलमुखत्यारपत्रात राहिला. मला तिथे एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ते काम केलंय एर्जान केसालने, तो सिनेमाचा सहलेखक, स्वतः डॉक्टर होता, आणि त्या भागातल्या नोकरीतल्या अनुभवावरच कथा बेतलीय. त्यामुळे जुनाजाणता काकांना विनंती, फारसी-अरबी शब्द काढायला लागलो तर मुखत्यार जाईल, वकील जाईल, मग प्रेत शोधायला कोण जाणार?

जुनाजाणता:
रुजलेल्या शब्दांबद्दल मी बोलतच नाहीये. नवीन येणाऱ्यांबद्दल बोलतोय. आळसाने येणाऱ्यांबद्दल.

गावठाण:
द्रुतलय साहेबांनी अजून गुऱ्हाळ शब्द काढला नाही याचं आश्चर्य वाटतंय. आमच्या ग्रुपवर एकाने याच सिनेमाला "बडबडीचं गुऱ्हाळ" म्हटलं आणि मला राग आला, सिनेमासाठी नाही, गुऱ्हाळासाठी. मी कोल्हापूरकडचा. पेपरवाल्यांनी चर्चेचं गुऱ्हाळ म्हणून म्हणून गुऱ्हाळ म्हणजे वेळकाढूपणा करून टाकलाय. कधी बघितलंय का? काईलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस पडला की खाली चुलवाणात चिपाडं घालणारा एक, वरची मळी काढणारा एक, भेंडीचं पाणी टाकून रस साफ करायचा, आणि गूळ करणारा जाणकार, गुळव्या, नुसता उभा. बघणाऱ्याला वाटतं हा काहीच करत नाही. तो बुडबुड्यांकडे बघत असतो. मग थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो, आणि नेमक्या क्षणी काईल उतरवायला सांगतो, थोडं अलीकडं-पलीकडं झालं तर गूळ बिघडला. दोन-अडीच तास जातात एका आदणाला. सिनेमाही तेवढाच आहे. वकील रात्रभर डॉक्टरला एका बाईची गोष्ट सांगतो जिने स्वतःच्या मरणाची तारीख आधीच सांगितली होती, आणि डॉक्टर मधेमधे साधं विचारतो, शवविच्छेदन केलं होतं का. प्रत्येक वेळी वकिलाचा चेहरा थोडा बदलतो. खरा तपास तिथे चाललाय. ज्याला बुडबुडे बघायचे नाहीत त्याने बाजारातून ढेप आणावी, पण गुऱ्हाळाला नावं ठेवू नयेत.

सुरपेटी:
हे फार आवडलं.

द्रुतलय:
चांगलं लिहिलंय, मान्य. पण गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला शेवटी गरम गूळ हातावर मिळतो. मला काय मिळालं?

उंबरठा:
मुख्तारची मुलगी हातात दिव्याचा ट्रे घेऊन चहा द्यायला येते तो क्षण मिळाला नाही का तुम्हाला? एकेका पुरुषाचा चेहरा उजळत जातो तो?

द्रुतलय:
तो मिळाला. तो एक.

पाणकळा:
मंडळी, पुढच्या पत्रिकेची तारीख जवळ आलीय, माझा शब्द अजून ठरलेला नाही. संथ ठेवू की ठाय लय लिहू?

मालाडवासी:
गावठाण, आदण की आधण? आमच्याकडे भाताचं आधण ठेवतात, ध ला ध.

गावठाण:
आमच्याकडं आदणच. आणि ते नुसतं पाणी नव्हे, एका वेळी काईलीत मावतो तेवढा रस म्हणजे एक आदण. "आज किती आदणं झाली" असं विचारतात.

चिंचोका:
कोकणात आधणच, आणि चहाचंही ठेवतात. मोजायचं माप म्हणून कधी ऐकलं नव्हतं, साताऱ्याकडे कोणी आहे का इथे?