कथेची सुरुवात पकड घेत नाहीये, पहिलं वाक्य कसं बांधावं?

कुंपणकाठ :
दिवाळी अंकासाठी साधारण तीन हजार शब्दांची कथा आहे. शालन हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी येते आणि ऐनवेळी सही न करता परत जाते. सुरुवात अशी :

"पहाटेची वेळ होती. अंगणात प्राजक्ताचा सडा पडला होता. दूर कुठेतरी कोंबडा आरवला. शालनने डोळे उघडले आणि तिला कालचा सगळा प्रवास आठवला."

वाचणाऱ्यांचं म्हणणं, दुसऱ्या पानापर्यंत काही घडतच नाही. पहिल्या ओळीत धक्का द्यावा का?

मुद्रितशोधक :
धक्का नको, ताण हवा. तुमची पहिली तीन वाक्यं कुठल्याही कथेला चिकटतील. चौथं वाचकाला लगेच मागे नेतं, म्हणजे कथा सुरू व्हायच्या आधीच फ्लॅशबॅक.

वरून एकेक वाक्य खोडत जा. जे खोडल्यावर पुढचं कळेनासं होतं, तिथे थांबा. तुमच्या कथेत ती जागा माहेरच्यांच्या बदललेल्या वागण्यात असावी :

"हक्कसोडपत्रावर सही करायला शालन आली, तेव्हा भावाने पहिल्यांदाच स्टँडवर गाडी पाठवली."

'पहिल्यांदाच'मुळे आधीच्या सगळ्या खेपा न सांगता कळतात. याचंच "भावाने गाडी पाठवली, कारण शालनला सही करायची होती" केलंत की मजा गेली. जी जुळणी वाचकाने करायची, ती 'कारण'ने करून टाकली.

अर्धविराम :
खोडण्याबद्दल सहमत, वाक्याबद्दल नाही. हक्कसोडपत्र पहिल्याच ओळीत आलं की वाचक 'भाऊ, बहीण, जमीन' समजून मोकळा होतो. त्यापेक्षा :

"या खेपेला भावाने स्टँडवर गाडी पाठवली होती. वहिनीने आंघोळीला पाणी तापवून ठेवलं होतं. जेवायला पुरणपोळी होती."

कागद पाचव्या-सहाव्या वाक्यात, ताट उचलल्यावर. त्याहून लांबवू नका, मुद्दाम दडवल्याचा वास येतो. (इथे 'होती-होतं' तीनदा आहे ते पाहुणचार मोजायला. तुमच्या उताऱ्यात ते नुसतंच आलंय.)

शब्दक्रमही बघा. मराठीत जोर बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी पडतो. "भावाने गाडी पाठवली" यात गाडीचं अप्रूप. "गाडी भावाने पाठवली" यात भावाचं. मोठ्याने वाचलं की फरक कळतो.

मुद्रितशोधक :
वाचक शेवट ओळखेल तो 'सही करते' असा. तुमच्या कथेत ती करत नाही. त्याला खुशाल ओळखू द्या की!

पानाफुलांत :
कथा शालनच्याच तोंडून असेल तर घटनेवाचूनही चालतं. 'कोसला'च्या (1963) पहिल्या वाक्यात नायक नाव आणि वय सांगतो, बस. पण वयाला 'उदाहरणार्थ' लावतो आणि तेवढ्यात माणूस कळतो. तृतीयपुरुषी निवेदनात मात्र ही सोय कमी.

आणखी एक, पहिल्या परिच्छेदात दोनच नाती ठेवा. भाऊ, वहिनी, आत्या, धाकटा, त्याची बायको असे सगळे एकदम आले की वाचक वंशावळ लावत बसतो.

कुंपणकाठ :
पुरणपोळीची सुरुवात घेऊन बघतो. मग तलाठी दुसऱ्या पानावर आणू की आधी?

अर्धविराम :
तलाठी कशाला? हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. तलाठी लागतो तो नंतर, सातबाऱ्यावर फेरफार घालताना. सहीच होत नाही, तर त्याला कथेत काम नाही.