धाकट्याला स्पीडवे रायडर व्हायचंय, यात पोट भरतं का?

ऊसवाला_कराड:
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाची यंदा बारावी झाली. पोलंडच्या स्पीडवे रेस (मातीच्या गोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) मोबाईलवर बघून बघून तेच डोक्यात बसलंय, ऊस तुटला की मोकळ्या रानात जुनी गाडी घेऊन मागचं चाक घसरवत गोल गोल फिरतो. हात चांगला हाय त्याचा, उगं कौतुक न्हाय करत. वडिलांनी स्वतः शर्यतीची बैलं पाळली, पण ह्याला म्हणतात नाद सोड. मला एकदम नाही म्हणवत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा.

मातीतला_गडी:
भावा, आधी ती गाडी काय चीज आहे ते बघ. ५०० सीसी, एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालते, रेसमध्ये गियर बदलायचा नाही आणि ब्रेक तर नाहीतच. चौघं जण, चार फेऱ्या, कायम डावीकडं वळायचं, मिनिटभरात खेळ खल्लास. वळणावर गाडी आडवी, हँडल उजवीकडं अन् गाडी चाललीय डावीकडं, डाव्या बुटाला स्टीलचा तळ असतो तो मातीवर घासत. घाबरून मध्येच रेस सोडली की गाडी सरळ होऊन ट्रॅकच्या कडेच्या कुंपणाकडं जाते. पहिल्याला ३ पॉइंट, मग २, मग १, शेवटच्याला भोपळा.

वर्कशॉप_मिरज:
पोट भरतं, पण पगार नसतो दादा. पोलंडच्या लीगमध्ये पैसा सगळ्यात जास्त, पण तिथं पॉइंटवर पैसे मिळतात, म्हणजे पडलास, हात मोडला, की कमाई बंद. इंजिनं, मेकॅनिक, व्हॅन हे सगळं बहुतेक रायडरलाच बघावं लागतं, आणि एकाच सीझनमध्ये पोलंड, स्वीडन, डेन्मार्क अशी पळापळ. पोलंडचा रायडर झ्मार्झलिक २०१९ ला पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला, पण तिकडची पोरं लहानपणापासून छोट्या गाड्यांवर क्लबात शिकत येतात. तुमच्या भावाला तेवढं अंतर तोडायचंय.

ताई_वाळवा:
मला बोलल्याशिवाय राहवत नाही. टोमाश गोलोब २०१० चा स्पीडवे वर्ल्ड चॅम्पियन, २०१७ ला मोटोक्रॉसमध्ये (खडबडीत मातीवर उड्या मारायची रेस) पडला आणि मणक्याला मार लागून अधू झाला. ऑस्ट्रेलियाचा रायडर डार्सी वॉर्ड तर २०१५ ला स्पीडवेतच पडला, पोरसवदा वय, तोही व्हीलचेअरवर. नाही म्हणा असं सांगत नाही, पण हे त्याला समोर बसवून सांगा. आणि रानात हेल्मेट, नेक ब्रेस (मान सांभाळणारा पट्टा), चेस्ट गार्ड घातल्याशिवाय किल्लीच देऊ नका.

मातीतला_गडी:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. आणि रस्ता आहे बरं का, एकदम पोलंडच कशाला. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन काढा, मग आपल्याकडची डर्ट ट्रॅक (मातीच्या गोल ट्रॅकवरची), सुपरक्रॉस (बनवलेल्या मातीच्या उंचवट्यांवरून उड्यांची) अशा रेस. केरळचा हरिथ नोआ सुपरक्रॉसमधूनच वर आला, २०२४ च्या डकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत रॅली २ क्लास जिंकला. पुणं जवळ आहे, एक सीझन तिथं पळू दे, घड्याळावर टायमिंग बघा, मग पैशाचं बोला. रान गहाण टाकायचं नाही एवढं ऐका.

ऊसवाला_कराड:
रान न्हाय टाकत, शब्द देतो. सगळ्यांचे आभार. ताईंचा मेसेज आत्ताच त्याला मोठ्यानं वाचून दाखवला, गप ऐकला, मग विचारतो नेक ब्रेस केवढ्याला येतो. पुण्यात चांगला कोच कुणाच्या ओळखीचा असेल तर मेसेज करा, गाडी घेऊन आम्ही दोघंही येतो.